चेहऱ्यावर सावली पडते की छाया?

प्रश्न असा आहे: सतराव्या शतकातल्या डच व्यक्तिचित्रांवरचा लेख मराठीत आणताना 'किआरोस्कुरो'ला, म्हणजे चित्रातल्या उजेड-काळोखाच्या खेळाला, काय म्हणायचं? कोशात 'छायाप्रकाश' मिळाला, पण तो पुस्तकी वाटतो. 'ऊनसावली' जास्त मराठी नाही का? शिवाय डच चित्रकार रेम्ब्रांटबद्दलचं 'रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांना मानसशास्त्रीय खोली आहे' हे वाक्य बरोबर आहे का?

आधी मूळ शब्द. इटालियनमध्ये 'किआरो' म्हणजे उजळ आणि 'ओस्कुरो' म्हणजे काळोखं. उन्हाचा त्यात संबंध नाही. 'ऊनसावली' म्हटलं की मला अंगण दिसतं, झाडाखालची हलती नक्षी दिसते. ऊन भाजतं, सावली निववते. रेम्ब्रांटच्या चित्रांतला उजेड बहुतेक वेळा खोलीतला, एका बाजूच्या खिडकीतून आलेला असतो. त्याला ऊन म्हणवत नाही. त्यामुळे हा शब्द कितीही गोड असला तरी इथे नको.

खरी गंमत सावली आणि छाया यांच्यातल्या फरकात आहे, आणि माझं मन तिथेच रमतं. सावली एका वस्तूची दुसरीकडे पडते. तिला आकार असतो, कडा असते. आपण सावलीला बसतो, कुणी सावलीसारखं मागे लागतं, नकोशा माणसाला कुणी सावलीलाही उभं करत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयातलं रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' ('रात्रीचा पहारा', १६४२) हे चित्र आठवा. कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉकने पुढे केलेल्या हाताची काळी आकृती शेजारच्या लेफ्टनंटच्या फिकट पिवळ्या पोशाखावर उमटली आहे. ती सावली. तिला छाया म्हटलं तर हात दिसेनासा होतो. (चित्रातला प्रसंग मुळात रात्रीचा नाहीच. वरचं वॉर्निश काळवंडत गेलं आणि पुढे केव्हातरी हे नाव चिकटलं.)

छाया मात्र अंगावरच असते. 'त्याच्या चेहऱ्यावर काळजीची छाया पसरली' असं आपण सहज म्हणतो. इथे 'सावली' घालून पाहा, कान लगेच अडखळतो. भीतीचं 'सावट' पडतं, तेही बाहेरून आल्यासारखं. छाया आतून वर येते. संस्कृतात तर छाया म्हणजे कांतीसुद्धा आणि प्रतिबिंबसुद्धा. उजेड न पोचलेली जागा आणि मनाचा चेहऱ्यावर उमटलेला भाव, दोन्हींना मराठीने एकच शब्द ठेवला आहे. रेम्ब्रांटबद्दल लिहिणाऱ्याला याहून मोठी मदत कोणती?

त्याचं १६२८ च्या सुमाराचं एक आत्मचित्र आहे, वहीच्या लहान पानाएवढं, लाकडी फळीवर रंगवलेलं. वय बाविशीच्या आसपास. उजेड पाठीमागून, आपल्या डाव्या हाताकडून येतो आणि मान, गाल, नाकाचा शेंडा एवढंच उजळतो. डोळे छायेत. चेहऱ्यात आपण ज्या गोष्टी सगळ्यात आधी शोधतो, त्याच त्याने झाकून ठेवल्या आहेत. कुरळ्या केसांच्या काही बटा तर ओल्या रंगावर ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडून काढल्यात, आणि त्या झगमगतात. डोळ्यांसाठी मात्र आपल्याला थांबावं लागतं. काही क्षणांनी त्या काळोखातून ते आपल्याकडे बघत असल्याचं जाणवतं.

रंग लावण्याच्या पद्धतीतही हा भेद आहे. विशेषतः उत्तरायुष्यातल्या चित्रांत त्याचा उजेड जाड असतो, रंगाचे थर हाताला लागतील इतके उंच. छाया पातळ, पारदर्शक, खालचा तपकिरी पायाचा थर दाखवणारी. म्हणजे तो काळोखापासून सुरुवात करून उजेडाकडे येतो. 'छायाप्रकाश' या समासात छाया आधी येते, हे मला म्हणूनच फार आवडतं. शब्द पुस्तकी वाटतो तो आपण वापरत नाही म्हणून. 'छायाचित्र' कुठे पुस्तकी वाटतं?

आता 'मानसशास्त्रीय खोली'. हे बदलाच. मानसशास्त्र हे शास्त्र झालं, चित्रातल्या माणसाला असतं ते मन. आणि 'खोली' वाचताना वाचकापुढे आधी चार भिंती येतात, त्यात डच चित्रांत खोल्या भरपूर, म्हणजे घोटाळा आणखी वाढतो. आपल्याकडे 'ठाव' हा अस्सल पाण्याचा शब्द आहे. विहिरीचा ठाव लागत नाही, तसा मनाचाही लागत नाही. रेम्ब्रांट ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे मऊ छायेत सोडून देतो. माणूस हसतोय की खिन्न आहे, हे तिथेच तर ठरतं. म्हणून त्याचा मित्र यान सिक्स याच्या १६५४ च्या चित्रापुढे हातमोजा चढवणारा, की उतरवणारा, हा माणूस नेमका कसल्या विचारात आहे हे सांगता येत नाही. ठाव लागत नाही म्हणूनच मन आहे असं वाटतं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'रेम्ब्रांट चेहरा अर्धा छायेत ठेवतो, आणि त्या माणसाच्या मनाचा ठाव घ्यायला आपण तिथेच रेंगाळतो.' 'किआरोस्कुरो' पहिल्यांदा येईल तिथे एकदा तसाच द्या, पुढे सगळीकडे छायाप्रकाश. आणि 'नाइट वॉच'वरच्या परिच्छेदात हाताची ती सावली सावलीच राहू द्या.