तुरुंगातून सुटणाऱ्या मनोरुग्णांसाठीचे फेडरल अनुदान : अर्जापूर्वी

आपली स्वयंसेवी संस्था तुरुंगातून सुटणाऱ्या मनोरुग्णांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकेतील फेडरल (केंद्र सरकारचे) अनुदान स्वतंत्रपणे मागू शकेल का, असे आपण विचारले आहे. स्वतंत्रपणे नाही. 2004 च्या कायद्याने सुरू झालेले आणि न्याय विभागाच्या ब्युरो ऑफ जस्टिस असिस्टन्समार्फत मिळणारे हे अनुदान राज्ये, स्थानिक प्रशासने व मूलनिवासी जमातींची सरकारे यांच्यासाठी आहे, आणि अर्जात न्याययंत्रणा व मानसिक आरोग्य यंत्रणा अशा दोघींचा सहभाग सक्तीचा आहे. आपली संस्था त्यांच्याकडून सेवेचे कंत्राट घेऊन भागीदार होऊ शकते.

ही सक्ती अनेकांना जाचक वाटते, मला ती योजनेचा कणा वाटते. तुरुंगाचा खर्च शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) पोलीसप्रमुखाच्या, खात्यावर पडतो आणि उपचारांचा आरोग्य विभागाच्या; त्यामुळे आरोग्य विभागाने पदरमोड करून एखाद्याला अटकेपासून वाचवले, तरी वाचलेला पैसा त्याच्याकडे येत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवल्याखेरीज हा तिढा सुटत नाही.

प्रस्तावाचा भर सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांवर ठेवा. तुरुंगात असताना, बाहेरच्या रुग्णालयात दाखल करावे लागल्याचा अपवाद सोडला, तर उपचारांना सहसा मेडिकेडचे (अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) फेडरल पैसे मिळत नाहीत. अपंगत्वामुळे मिळणारे एसएसआय (गरजूंसाठीचे मासिक फेडरल अर्थसाहाय्य) पूर्ण एक कॅलेंडर महिना तुरुंगात गेल्यास थांबते आणि सलग 12 महिने थांबले, तर नव्याने अर्ज करावा लागतो. मी ज्या काउंटीत काम केले, तिथला एक तरुण शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास सुटला तेव्हा त्याच्या हातात कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी, थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि 19 दिवसांनंतरच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी होती. बस बंद झाली होती. अशा वेळी दाराशी उभा राहणारा केस मॅनेजर, म्हणजे रुग्णाला उपचार व इतर सेवांशी जोडून देणारा कार्यकर्ता, हाच अनुदानाचा सर्वांत चांगला उपयोग, असे माझे मत आहे.

मात्र औषध नियमित सुरू झाले की पुन्हा अटक होणार नाही, असे प्रस्तावात लिहू नका. व्यसन, बेघरपणा, प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याच्या शिक्षेची) चुकलेली तारीख ही कारणे आजाराइतकीच, कित्येकदा अधिक, भोवतात. घर आणि व्यसनमुक्ती यांची तरतूद नसलेला अर्ज मी तरी पुढे पाठवला नसता.

पैशांचे गणितही आधीच मांडा. मूळ कायद्यानुसार फेडरल वाटा पहिल्या दोन वर्षांत जास्तीत जास्त 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 60 टक्के. उरलेला भाग स्थानिकांनी रोखीने किंवा सेवेच्या रूपाने द्यायचा असतो. कॅलिफोर्नियाने याच उद्देशाने 1998 मध्ये स्वतःची योजना काढली, पुढे तिचा निधी बंद पडला आणि 2014 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलर देऊन, निम्मे प्रौढांसाठी व निम्मे अल्पवयीनांसाठी, ती पुन्हा उभी केली. निधी नसलेल्या अशा मधल्या काळात आधी जमलेले कर्मचारी पांगतात, रुग्णांचा विश्वासही उडतो. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर केस मॅनेजरचा पगार कोणत्या खात्यातून निघेल, हे आताच लेखी घ्या.

आमचा पहिला प्रस्ताव फेटाळला गेला, कारण तुरुंग प्रशासनाच्या पत्रात पाठिंबा होता, माहिती देण्याचे वचन नव्हते. आपण त्यांच्याकडे गेल्या वर्षभरातील सुटकेच्या वेळांची, नावे वगळलेली यादी मागा. ती हाती आल्यावरच प्रस्ताव लिहायला बसा.