कॅलिफोर्नियात घरमालक व्हिसाचं स्टेटस विचारू शकतो का? मी एच-१बी वर आहे, फ्लॅट बघतोय.

नाही विचारू शकत. २००७ मधेच तिथे कायदा झालाय की भाडेकरूच्या इमिग्रेशन स्टेटसची चौकशी घरमालकाने करायची नाही, ओळखपत्र आणि पगाराच्या स्लिपा मात्र मागू शकतो आणि त्या मुकाट द्याव्या लागतात.

आणि व्हिसा बघून फ्लॅटच नाकारला तर अनरू कायदा आहे, धंद्यांनी भेदभाव करू नये म्हणून केलेला, १९५९ चा, त्यात वंश धर्म वगैरे आधीपासून होतं, नागरिकत्व, भाषा आणि इमिग्रेशन स्टेटस हे २०१५ च्या दुरुस्तीने घातलं, १ जानेवारी २०१६ पासून लागू. फक्त घरच नाही, दुकान, हॉटेल, सलून, सगळ्या धंद्यांना लागू. केस जिंकलात तर कमीत कमी ४,००० डॉलर भरपाई, वकिलाची फी वेगळी. म्हणून 'ग्रीन कार्ड नाही मग सॉरी' असा मेसेज आला असेल तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

इमिग्रेशनवाल्यांना कळवतो अशी धमकी देऊन घर खाली करायला लावणं पण २०१८ पासून बेकायदेशीर आहे.

नोकरीचं मात्र वेगळं, तिथे आय-९ फॉर्म (अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का ते तपासायचा) भरावाच लागतो, तो केंद्राचा नियम.