ऑर्केस्ट्राची कायम नोकरी नाकारून क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवावे का?

आपण विचारले आहे की, एका चांगल्या ऑर्केस्ट्रात कायम नोकरी मिळत असताना नव्याने उभ्या राहणाऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिने, त्यांहून थोडे मोठे व्हायोला आणि मोठा, खालच्या स्वरांचा चेलो यांच्या चौघांच्या संचात) दुसऱ्या व्हायोलिनची जागा स्वीकारावी का, त्यावर पोट भरते का, आणि ‘दुसरे’ व्हायोलिन पत्करणे म्हणजे पहिल्यासाठी आपण कमी पडलो हे मान्य करणे ठरते का. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. शेवटच्या प्रश्नाने मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवले आहे, कारण व्यावसायिक आयुष्याचा मोठा भाग मी त्याच खुर्चीवर काढला आहे आणि हाच प्रश्न माझ्या उजव्या हाताला बसणाऱ्या सहकाऱ्याने, म्हणजे आमच्या पहिल्या व्हायोलिनवादकाने, मला वेगळ्या शब्दांत, पैशांच्या हिशेबासकट, विचारला होता.

आधी पोटाविषयी. केवळ कार्यक्रमांच्या मानधनावर जगणारे क्वार्टेट फारच थोडे. संयोजक जी रक्कम देतो तिच्यातून एजंटचे कमिशन जाते, प्रवास आणि मुक्काम जातो, चार माणसांसाठी पाच विमानतिकिटे काढावी लागतात (चेलो सामानकक्षात टाकायचा नसेल, तर त्यालाही आसन लागते), आणि मग उरलेल्याचे चार भाग होतात. म्हणून नावाजलेल्या क्वार्टेटांच्या मागेही बहुधा एखादे विद्यापीठ उभे असते. बुडापेस्टमध्ये १९७५ साली जन्मलेला ताकाच क्वार्टेट १९८०च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाच्या आश्रयाला गेला आणि तिथेच स्थिरावला. टोकियो क्वार्टेट १९७६ पासून येल विद्यापीठाशी जोडलेला होता आणि २०१३ साली विसर्जित होईपर्यंत ते नाते टिकले. त्याआधीच्या पिढ्यांत अर्नोल्ड रोझे यांच्यासारखा वादक व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्रातील अग्रवादकाची जागा सांभाळून क्वार्टेट चालवीत असे. त्याहीआधी, १८०८ साली, व्हिएन्नातील रशियन मुत्सद्दी रझुमोव्हस्की यांनी व्हायोलिनवादक शुपानझिग आणि त्याच्या साथीदारांना कायमच्या पगारावर ठेवले होते. १८१४ च्या शेवटच्या रात्री त्यांचा वाडा जळाला आणि पुढे लवकरच ही मंडळी विखुरली. तात्पर्य, आश्रयदाता हवाच, आणि तो कायमचा असेल असे धरून चालू नये. नव्या क्वार्टेटमागे असा आधार आहे का, हे आपण लिहिलेले नाही. तो नसेल, तर पहिली काही वर्षे शिकवण्या आणि बदली वादनाची कामे यांवरच काढावी लागतील.

आता खुर्चीविषयी. याच रझुमोव्हस्कींसाठी बेथोव्हनने ओपस (म्हणजे रचनाक्रमांक) ५९ चे तीन क्वार्टेट लिहिले (अशा संचासाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात), आणि त्यांतील पहिल्याची सुरुवात आपल्या हाताखालून अनेकदा गेली असेल: धून चेलोकडे, आणि दुसरे व्हायोलिन व व्हायोला यांच्याकडे आपापल्या एकाच स्वराचे सलग, समान ठोके. कागदावर ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमतील असे दिसतात. प्रत्यक्षात चेलोची ती लांब धून श्वास न तुटता पुढे जाणार की प्रत्येक मात्रेला अडखळणार, हे या ठोक्यांवर ठरते. गजाचा दाब मात्रेच्या पहिल्या ठोक्यावर किंचित जरी वाढला, तरी धुनीचे तुकडे पडतात; दाब अगदीच सपाट ठेवला, तर संगीत जागच्या जागी उभे राहते. त्यासाठी गजाचा कोणता भाग वापरायचा, तारेवर तो किती लांबी खर्चणार, आणि व्हायोलाचा गज माझ्या गजाइतकाच सरकतो आहे का, यावर आम्ही अख्ख्या तालमी घालवल्या आहेत, आणि त्या तालमींत पहिले व्हायोलिन वाजवणारा माणूस बहुतेक वेळा खिडकीबाहेर पाहत बसलेला असे.

स्वरमेळाचेही तसेच. मेजर मेळातील (एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांतील) मधला स्वर पियानोवरच्या स्वराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे १४ शतांशांनी खाली धरला, तरच तो मेळ शांत होतो, आणि हा मधला स्वर वारंवार दुसऱ्या व्हायोलिनकडे किंवा व्हायोलाकडे असतो. तो ढळला की श्रोता म्हणतो, पहिले व्हायोलिन बेसूर वाजते आहे. दोष एकाच्या नावावर आणि दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात, असा हा कारभार आहे.

आमच्या क्वार्टेटमध्ये मानधनाचे चार समान भाग होत आणि चेलोच्या तिकिटाचे पैसे वाटणीआधीच एकत्र रकमेतून निघत. एका महोत्सवातील कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर, आमच्या पहिल्या व्हायोलिनवादकाने घडी घातलेला कागद पुढे सरकवला. त्यावर स्वच्छ अक्षरात हिशेब मांडला होता: त्याला चाळीस टक्के, बाकीच्या तिघांना वीस-वीस, आणि चेलोचे तिकीट चेलोवादकाच्या हिश्शातून. कारणेही दिली होती. मुलाखती तो देतो, समीक्षक त्याचे नाव घेतात, सर्वांत अवघड जागा त्याच्या वाट्याला येतात, आणि दुसऱ्या व्हायोलिनची जागा रिकामी झालीच, तर ती आठवडाभरात भरता येईल. हे शेवटचे कारण त्याने माझ्याकडे न पाहता वाचून दाखवले. चेलोवादक संतापून काहीबाही बोलला. ते इथे लिहिण्याजोगे नाही. व्हायोलावादक पावाला लोणी लावत होता, आणि हात न थांबवता त्याने एवढेच विचारले, “मग तालमीत गजाच्या खुणा ठरवताना तुझे एक मत दोन मतांइतके धरायचे का?” पहिल्या वादकाने क्षणभर विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे ‘खरे तर हो’ असे उत्तर दिले. माझ्या मते आमचा क्वार्टेट तिथे संपला, जरी घेतलेले कार्यक्रम आम्ही हंगाम संपेपर्यंत पार पाडले.

मग मालकीचे प्रश्न निघाले. क्वार्टेटचे नाव पहिल्या वादकाने सुचवले होते, म्हणून ते त्याचे, असे त्याचे म्हणणे. त्या नावावर आम्ही चौघांनी कार्यक्रम केले, म्हणून ते सर्वांचे, असे आमचे. ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नाचे काय, हेही कुठे लिहिलेले नव्हते. सर्वांत कडू भांडण झाले ते स्वरलिपीच्या प्रतींवरून. त्या सामायिक पैशांतून घेतलेल्या होत्या आणि त्यांवर आमच्या चौघांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या: गज कुठे वर, कुठे खाली, कोणाकडे पाहायचे, कुठे श्वास घ्यायचा. पहिल्या व्हायोलिनच्या साऱ्या प्रती तो घेऊन गेला. त्यांच्याशिवाय उरलेले तीन संच म्हणजे एका बाजूने ऐकलेले दूरध्वनीवरचे संभाषण होते.

‘आठवडाभरात भरता येईल’ या वाक्याला मी तेव्हा नीट उत्तर दिले नव्हते, ते इथे देतो. बुडापेस्ट क्वार्टेटमधून दुसरे व्हायोलिन वाजवणारे अलेक्झांडर श्नायडर १९४४ साली बाहेर पडले. त्यांच्या जागी एकामागून एक दोन वादक आले, आणि अखेर दशकभरानंतर श्नायडरच परत त्या खुर्चीवर बसले. याच क्वार्टेटचे दीर्घकाळ पहिले व्हायोलिन वाजवणारे जोसेफ रोइसमन १९२७ साली दाखल झाले, तेव्हा ते दुसरे व्हायोलिन वाजवण्यासाठी आले होते. एमर्सन क्वार्टेटमध्ये १९७६ पासून दोन्ही व्हायोलिनवादक रचनेगणिक खुर्च्यांची अदलाबदल करीत आणि कोणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागत नसे. अमाडेउस क्वार्टेटने चाळीस वर्षे वाजवून १९८७ साली काम थांबवले ते व्हायोलावादक पीटर शिडलॉफ यांच्या निधनानंतर. बाकी तिघांनी नवा माणूस शोधलाच नाही. पहिल्या व्हायोलिनवादकाच्या नावाने क्वार्टेट ओळखला जाण्याची रीत योआखिम आणि हेल्मेसबर्गर या एकोणिसाव्या शतकातील व्हायोलिनवादकांच्या काळातील आहे, आणि तेव्हाही बेथोव्हनच्या ओपस ५९ मधील तिसऱ्या क्वार्टेटचा अखेरचा फ्यूग (एकच धून वाद्ये एकामागून एक उचलतात तो प्रकार) व्हायोलाच सुरू करीत असे, त्यामागून दुसरे व्हायोलिन येत असे, मग चेलो, आणि पहिले व्हायोलिन सर्वांत शेवटी.

तेव्हा ‘कमी पडलो’ वगैरे विचार डोक्यातून काढून टाका. जागा स्वीकारायची की नाही, हे खुर्चीच्या क्रमांकावरून ठरवू नये. नव्या क्वार्टेटमधील त्या तिघांना एकच प्रश्न विचारा: मानधन समान वाटणार का? उत्तरात ‘सुरुवातीला’, ‘साधारणपणे’ किंवा ‘पुढे बघू’ असा एकही शब्द आला, तर ऑर्केस्ट्राची नोकरी घ्या. आणि जे ठरेल, ते कागदावर उतरवून चौघांच्या सह्या घ्या. नाव कोणाचे, एखाद्याला काढायचे झाल्यास किती मते लागतील, जाणाऱ्याला काय मिळेल, किती महिन्यांची पूर्वसूचना हवी, प्रती आणि ध्वनिमुद्रणे कोणाची, हे सारे त्यात हवे. मैत्रीत करारनामा कशाला, असे म्हणणारा भेटेलच. त्याला अमेरिकेतील ऑडुबॉन क्वार्टेटची हकिगत सांगा: २००० साली तिघांनी पहिल्या व्हायोलिनवादकाला काढले, तो न्यायालयात गेला, आणि पुढच्या वर्षी त्याला सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निकाल लागला. ती फेडताना उरलेल्यांवर स्वतःची वाद्ये गमावण्याची वेळ येऊन ठेपली होती.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. समान वाटणीचा माझा आग्रह वादनाच्या मानधनापुरता आहे. पत्रव्यवहार, तिकिटे, हिशेब आणि संयोजकांची मनधरणी हे सगळे एकच जण करीत असेल, तर त्या कामाचा मोबदला त्याला वेगळा आणि आधी दिला पाहिजे, कारण पुढे जो कागद टेबलावर येतो त्याची सुरुवात बहुधा अशा न मोजलेल्या कामातून होते. आमच्या पहिल्या वादकाच्या बाबतीतही मुलाखतींचा मुद्दा सर्वस्वी खोटा नव्हता, एवढे मला मान्य आहे. खोटे होते ते आठवडाभराचे गणित. दुसरे असे की, ऑर्केस्ट्रात काम केलेला माणूस क्वार्टेटला निरुपयोगी ठरत नाही, पण क्वार्टेटमध्ये दहा वर्षे काढून ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीला पडद्यामागे उभे राहणे फार जड जाते, कारण तिथे लागणारे उतारे हातातून गेलेले असतात आणि समोर विशी-पंचविशीतील स्पर्धक असतात. म्हणून नोकरी नाकारण्यापूर्वी ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाला एकदा विचारून पाहा की, रुजू झाल्यानंतर वर्ष-दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन जागा राखता येते का. काही ऑर्केस्ट्रांत तशी सोय असते, पण परिवीक्षेचा (उमेदवारीचा) काळ संपून नेमणूक पक्की होण्याआधी ती सहसा मिळत नाही. तोवर ते तिघे थांबायला तयार आहेत का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.