सोसायटीच्या एकाच पार्किंगमध्ये गाडी, छोटी शिडाची बोट आणि तिचा ट्रेलर कसा बसवायचा?

तुमची अडचण अशी: नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅट, स्टिल्टखाली अडीच बाय पाच मीटरचं एकच पार्किंग, मुंबईहून आणलेली जुनी लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट), आणि शेजारी म्हणतात विकून टाका. विकू नका. जागा बोट खात नाही, ट्रेलर खातो. दोघांना वेगळं करा.

लेझर ४.२३ मीटर लांब, साधारण १.४ मीटर रुंद. डोलकाठी-शीड सोडून वजन ५९ किलो, म्हणजे दोघांनाही उचलते. ती भिंतीलगत कुशीवर उभी केली की जेमतेम दोन फूट जाते, उरलेल्यात गाडी बसते. ड्रायव्हरचं दार मोकळ्या बाजूला येईल अशी लावा. बोटीखाली दोन रुंद लाकडी ठोकळे, वर जाड फोम. एक ठोकळा नाकापासून एक तृतीयांशावर, दुसरा मागच्या टोकापासून एक चतुर्थांशावर. वरून दोन पट्टे, आणि त्यांचे हुक आरसीसी कॉलममध्ये. विटेच्या भिंतीतला अँकर कालांतराने ढिला होतो. पट्टे रॅचेटने करकचून आवळू नका, काठ दबतो.

उभी करण्याआधी नाक उंच करून आतलं पाणी पूर्ण काढा आणि मागचा ड्रेन प्लग उघडाच ठेवा. मे महिन्यात आतली हवा तापून फुगली की डेकचा सांधा उघडतो. डोलकाठीच्या खोबणीत पाणी भरून दहा मिनिटं पाहा. पातळी उतरली तर तिथे गळती आहे, ती आधी दुरुस्त करा. शीड गुंडाळायचं, घडी घालायची नाही. सेंटरबोर्ड (बोटीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी) आणि सुकाणू आडवे ठेवा, भिंतीला टेकवले की वाकतात.

आता ते नेहमीचं वाक्य: ‘बोट ट्रेलरवरच शोभते.’ माझ्या एका मित्राचा हाच हट्ट होता आणि यावरून आमचे बरेच वाद झालेत. त्याने मखमलाबादकडच्या मोकळ्या प्लॉटवर बोट ट्रेलरसकट ताडपत्रीखाली सोडली. आषाढात ताडपत्री मध्ये खोल झाली, कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, पाणी उतरलं, ते बाहेर सोडणाऱ्या बेलरच्या भोकात पाला अडकला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ५९ किलोच्या बोटीचं ओझं जवळपास पावणेतीनपट झालं आणि ते सगळं ट्रेलरच्या, तळाखालच्या दोन अरुंद फळ्यांवर आलं. तळ दोन्ही जागी आत दबला, आतला फोम सुटला. अंगठ्याने दाबलं तरी तिथे मऊ लागतं. असा तळ पूर्ववत करणं महागात पडतं आणि तरी बोट पहिल्यासारखी कडक होत नाही. शिवाय एकाच जागी वजन घेऊन टायरना भेगा गेल्या, बेअरिंगमध्ये गंज. तो अजून पावसाला दोष देतो. दोष फळ्यांचा आहे. लेझरचं पुढचं ओझं काठाखाली घेणारी चौकट हवी, तळाच्या मधोमध टेकू नको. ताडपत्री घालायचीच तर खाली पीव्हीसी पाइपचा कणा द्या, म्हणजे दोन्हीकडे उतार मिळतो, आणि टोकं हवेसाठी मोकळी सोडा.

ट्रेलरचा ड्रॉबार, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा दांडा, सुटा करून घ्या. अंबड-सातपूरला कोणताही चांगला फॅब्रिकेटर करेल. मोठ्या चौकोनी नळीत लहान नळी, आत किमान दीड फूट, आरपार दोन १२ मिमी बोल्ट, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह. एकाच बोल्टवर भागवलं तर भोक अंडाकृती होतं आणि रस्त्यावर ट्रेलर डोलतो. दिव्यांच्या वायरला सांध्यापाशी कनेक्टर हवाच. मग चाकं आणि मडगार्ड काढून सांगाडा ठोकळ्यांवर आडवा, भिंतीला टेकवून बांधा. चाकं घरात सावलीत. हबवर प्लास्टिक बांधा आणि पुन्हा जोडताना बेअरिंगला नवं ग्रीस भरा. सांगाडा बोटीच्या भिंतीवर मावत नसेल तर गाडीच्या नाकासमोर आडवा ठेवा. त्यासाठी गाडी चार मीटरच्या आतली हवी.

हे सगळं हलक्या बोटीपुरतं. इंजिन लावलेली जड फायबर बोट कुशीवर उभी करू नका. कमिटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकार अध्यक्ष बदलला की संपतो. आणि मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे. नोंदणीचे कागद नसतील तर रस्त्यावर काढण्याआधी ते काम उरका.