उजवीकडून येणारी गाडी

परदेशी गेलेल्या मुंबईकरांकडून मला, समुपदेशक म्हणून, एक प्रश्न वारंवार, आणि बहुतेकदा आवाज खाली आणून, विचारला जातो : "इथे इतकी वर्षे गाडी चालवली, मग तिथे स्टिअरिंगवर हात ठेवला की घाम का फुटतो?" पुढे सांगितलेला अनुभव हेच त्या प्रश्नाला माझे उत्तर आहे. ज्यांची ही हकिकत आहे त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या मुलुंडच्या, वय ४१, एका बँकेत अधिकारी होत्या. मुलुंड ते फोर्ट हा प्रवास त्यांनी १६ वर्षे स्वतः गाडी चालवत केला होता. २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे सुरू होण्याआधी सायन, दादर, लालबाग असा खालून, आणि त्याला गणपतीचे दिवसही अपवाद नव्हते. पतीच्या नोकरीमुळे कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहायला गेले. भारतीय लायसन्सवर तिथे वास्तव्याचे पहिले ६ महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन तिथले लायसन्स काढावे लागते. चौथ्या महिन्यात एका अरुंद रस्त्यावर पुढे चाललेल्या सायकलस्वाराला त्यांनी अगदी हलका हॉर्न दिला. 'मी मागे आहे हं, दचकू नका' एवढाच त्याचा अर्थ होता. तो माणूस थांबला, काचेजवळ आला आणि जे काही बोलला त्यातला एकही शब्द त्यांना समजला नाही, सूर मात्र पुरता समजला. मागच्या सीटवर १२ वर्षांचा मुलगा होता, आणि शाळेत जर्मन शिकत असल्यामुळे त्याला शब्दही कळले होते. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, यापुढे बाबांनाच चालवू दे."

त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. यथावकाश ६ महिन्यांची मुदत संपली. लेखी परीक्षा त्या इंग्रजीतून सहज उत्तीर्ण झाल्या, प्रत्यक्ष परीक्षेत मात्र नापास झाल्या. डिसेंबरमध्ये माहेरी आल्या तेव्हा त्या दादरला माझ्याकडे आल्या.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, की एवढा अनुभव पाठीशी आहे, तुम्हाला नक्की जमेल. त्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, तेच तर विचारायला आलेय. सोळा वर्षं मी गाडी चालवत होते, की नुसती माणसं चुकवत होते?" आदल्याच दिवशी वडिलांची गाडी घेऊन त्या एलबीएस मार्गाने भांडुपला जाऊन आल्या होत्या आणि त्यांना तिळमात्र भीती वाटली नव्हती. म्हणजे भीती गाडीची नव्हती. जे कौशल्य अंगात मुरले आहे असे वाटत होते तेच एका हॉर्नने खोटे ठरले, ही ती जखम होती, आणि मी दिलेला धीर नेमका त्या जखमेवर बोट ठेवणारा होता.

मग मी त्यांना एक काम दिले : मुंबईत गाडी चालवताना तुम्ही नेमके काय पाहता, ते लिहून आणा. त्यांनी दोन पाने भरून आणली. रिक्षा कुठे घुसणार हे तिच्या पुढच्या चाकावरून कळते. बस स्टॉपवरून निघताना ड्रायव्हरचा हात खिडकीबाहेर आला की ती बाहेर येणारच. समोरच्याशी नजर भिडली तर तो थांबतो, आणि त्याने मुद्दाम नजर टाळली तर आपण थांबायचे. हे वाचताना मलाच नवल वाटले. (माझे स्वतःचे लायसन्स कित्येक वर्षे कपाटात पडून आहे आणि मी लोकलने ये-जा करते, त्यामुळे मला गाडीतले कळते असा कोणी समज करून घेऊ नये.) त्या १६ वर्षे रस्त्यावरच्या माणसांचे मन वाचत होत्या आणि हे कौशल्य अस्सल होते. पण ज्या रस्त्यावर समोरचा मनात काही न ठरवता नुसता नियम पाळतो, तिथे वाचायला मनच मिळत नाही.

त्यांचे नापास होणेही यातूनच घडले होते. जर्मनीत वस्तीतल्या ज्या चौकात सिग्नल किंवा पाटी नसते तिथे 'रेष्ट्स फोर लिंक्स' हा नियम चालतो, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. अशा चौकात उजवीकडची गाडी थोडी मंदावली. मुंबईत मंदावणे म्हणजे 'जा तुम्ही', म्हणून या निघाल्या. तो बिचारा मात्र स्वतःच्या उजवीकडे कोणी आहे का, एवढेच पाहायला मंदावला होता. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला ब्रेक मारावा लागला आणि मागच्या सीटवरच्या परीक्षकाने तिथेच परीक्षा संपवली.

हॉर्नचेही तसेच आहे. जर्मन कायद्यानुसार वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना किंवा कोणाला धोका असेल तेव्हाच हॉर्न द्यायचा असतो, त्यामुळे तिथे हॉर्नचा अर्थ 'तू चुकलास' असाच घेतला जातो. आपल्याकडे २०२० साली मुंबई पोलिसांनी काही चौकांत ८५ डेसिबलच्या वर आवाज गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणारी यंत्रणा आणली होती. हॉर्न हे आपले किती नित्याचे बोलणे आहे हे त्यावरूनच ध्यानात यावे. सायकलस्वाराने या बाईंचा अपमान केला नव्हता, तर त्यांनीच आपला अपमान केला असे त्याला वाटले होते. ही गोष्ट कळल्यावर त्या भेटीत प्रथमच हसल्या.

आणखी एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट त्यांनी बरीच उशिरा सांगितली. त्यांच्या मुंबईच्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला होती, तिथल्या गाडीत ती डाव्या हाताला आहे. त्यामुळे वळताना कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरू लागत आणि भोवतालच्या साऱ्यांना आपले नवखेपण दिसले असे त्यांना वाटे. हाताची सवय विचारावाचून चालते आणि ती मोडायला उपदेश नव्हे, पुनरावृत्ती लागते. टाळाटाळीने मात्र पुनरावृत्तीच थांबते; गाडी न चालवलेल्या प्रत्येक दिवशी सुटल्यासारखे वाटते आणि ते सुटणेच भीतीला खतपाणी घालते.

म्हणून आम्ही भीतीच्या पायऱ्या पाडल्या. लायसन्स नसल्यामुळे एकटीने सराव करणे बेकायदा होते, तेव्हा पहिली पायरी पायी चालण्याची ठरली : घराजवळच्या बिनपाटीच्या चौकात रोज २० मिनिटे उभे राहून कोण कोणाला जाऊ देतो ते पाहायचे. दुसरी पायरी पतीशेजारी बसून प्रत्येक चौकाआधी मोठ्याने "उजवीकडे कोण?" असे मराठीतून म्हणण्याची. पती सुरुवातीला वैतागले आणि मग स्वतःच म्हणू लागले. तिसरी प्रशिक्षकाच्या गाडीतली. त्यात सायकलस्वाराचा प्रसंग त्याला आधीच सांगून टाकायचा, असे ठरवले होते. या बैठका आम्ही व्हिडिओ कॉलवर चालू ठेवल्या.

एप्रिलमध्ये त्या पुन्हा नापास झाल्या. यावेळी कारण उलटे होते : जिथे जाण्याचा हक्क त्यांचा होता तिथेही त्या थांबत होत्या आणि मागची रांग अडवत होत्या. यात माझाही दोष होता. थांबणे शिकवण्याच्या नादात, आपली पाळी असेल तिथे न रेंगाळता निघायचे हा नियमाचा दुसरा अर्धा भाग मी पायऱ्यांत घातलाच नव्हता. 'मी थांबले तर माझे काय बिघडते' हा मुंबईत चांगुलपणा ठरतो; तिथे मात्र त्याने समोरचा गोंधळतो. मग चौकाआधीच्या प्रश्नाला आम्ही "कोणी नाही, चला" हे उत्तरही जोडले.

ज्यांना प्रत्यक्ष अपघात झाला आहे, किंवा गाडीत नुसते बसल्यावरही छाती धडधडून श्वास कोंडतो, त्यांनी मात्र या पायऱ्या आपल्या आपण चढू नयेत; त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

जूनमध्ये तिसऱ्या प्रयत्नात त्या उत्तीर्ण झाल्या. ऑटोबानची, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गाची, पायरी आम्ही कागदावर मुद्दाम रिकामी ठेवली होती, कारण जिथे बऱ्याच भागांत वेगाला सक्तीची मर्यादाच नाही तिथे कधी जायचे हे त्यांनीच ठरवायचे होते. ऑगस्टमधल्या कॉलवर त्यांनी सांगितले, की मुलाला पोहण्याच्या क्लासला नेताना दोन एक्झिटपुरत्या त्या ऑटोबानवर गेल्या, सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये, ताशी ८० किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या एका अवजड ट्रकच्या मागे. मुलाने विचारले, "आई, ओव्हरटेक का नाही करत?" त्या म्हणाल्या, "आज नाही करायचं."