स्क्रू कुठला कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्याच्या पत्रांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बिघाड नेमका कुठे आहे हे कळायच्या आधीच सुटे भाग बदलून झालेत, पैसे आणि रविवार दोन्ही गेलेत, आणि मूळ दुखणं जागच्या जागी आहे. त्यातला मनस्ताप मला ठाऊक आहे. रात्री एक वाजता उघड्या यंत्रासमोर बसून ‘आता काय?’ असं म्हणायची वेळ माझ्यावर पंचवीस वर्षांत कितीतरी वेळा आली आहे. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. मंद झाला म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, ८ जीबी रॅमची १६ केली, मग लिनक्स टाकलं. आता सुरू चटकन होतो, पण व्हिडिओ कॉल लावला की दहा मिनिटांत पंखा घोंघावायला लागतो आणि स्क्रीन काळी होऊन सगळं बंद पडतं. घरचे म्हणतात, टाकून दे. ते मला पटत नाही, पण आता काय बदलू हेही सुचत नाही.

उत्तर : टाकू नका. आणि तूर्त नवीन काही आणूही नका. एसएसडीनं तिचं काम चोख केलंय, लॅपटॉप चटकन सुरू होतो तो तिच्यामुळेच. तुमचं उरलेलं दुखणं वेगळं आहे. ‘दहा मिनिटं’ आणि ‘पंखा’ या तुमच्याच दोन शब्दांवरून मला उष्णतेचा संशय येतो. पण संशयावर लॅपटॉप खोलायचा नसतो, आधी मोजायचं.

लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज टाका, टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरचं तापमान दिसतं. व्हिडिओ कॉल लावा, शेजारी वही घ्या आणि दर मिनिटाला आकडा लिहा. नुसता चालू ठेवलेला लॅपटॉप साधारण ४० ते ५० अंशांवर असतो. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथं पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो, तरीही तापमान आवरलं नाही तर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. तुमच्या वहीत शेवटचा आकडा ९५ ते १०० असा आला तर उष्णताच. पण ६० अंशांवर असतानाच बंद पडला, तर लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप, बदलण्यात अर्थ नाही. मग नवी रॅमची पट्टी काढून जुन्यावर चालवून बघा, ‘मेमटेस्ट’ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा, चार्जर बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही डिस्क, रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिम अशा तिन्ही गोष्टी लागोपाठ बदलल्यात, त्यामुळे दोष जुना की नव्या पट्टीबरोबर आलेला, हे आज तुम्हालाही सांगता येत नाहीये.

समजा उष्णताच निघाली. आठ वर्षांत दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे धूळ. बाहेरच्या जाळीतून फुंकर मारून ती निघत नाही, कारण ती पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्या यांच्या मधोमध साचते. पंखा सोडवला की तिथं करड्या लोकरीच्या पट्टीसारखा थर दिसतो, चिमट्यानं धरला की अख्खाच्या अख्खा उचलून येतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा तो कंपनीनंच बसवलेला गाळणीचा कापूस आहे असं वाटून परत जागेवर ठेवला होता! दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातली थर्मल पेस्ट. ती वाळून खडूसारखी भुसभुशीत होते, आणि मग दोन सपाट पृष्ठभागांच्या मध्ये हवा शिरते. हवेतून उष्णता फारच कमी वाहते.

आता खोलायचं. सगळ्यात आधी चार्जर काढा, आणि झाकण उघडल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर सोडवा. त्याआधी आत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. मग स्क्रू. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी चिकटपट्टीनं लावत चला. हा सोपस्कार वाटेल, पण टाळू नका. तळाचे स्क्रू एकसारखे दिसतात, लांबीत मात्र दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. छोट्याच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूला फुगवटा आणतो किंवा थेट मदरबोर्डच्या रेषांमध्ये घुसतो.

रिबन केबलींपाशी, म्हणजे फितीसारख्या चपट्या केबलींपाशी, सर्वांत जास्त जपा. त्यांच्या कनेक्टरला नखभर रुंदीची काळी किंवा पांढरी झडप असते. ती आधी नखानं अलगद उभी करायची, मग केबल आपसूक सुटते. काही कनेक्टरांना झडप नसते, तिथं केबल सरळ रेषेत ओढावी लागते. हे न बघता मी एकदा कीबोर्डची केबल ओढली. झडपेचा एक कान तुटला, अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा नसेल. सगळं जोडून सुरू केलं तर कीबोर्डची एक अख्खी ओळ मुकी. केबलच्या पाठीवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या पातळ चिकटपट्टीची) दुहेरी घडी लावून ती घट्ट बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येक कनेक्टर आधी भिंगातून बघते, हात नंतर लावते.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेक वेळा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमानं, बसवताना सुलट्या क्रमानं, आणि एकदम घट्ट न करता प्रत्येकाला थोडा थोडा पीळ देत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा, आरशासारखा पृष्ठभाग दिसेपर्यंत. नवीन पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. पंख्यावर हवा मारताना पातं बोटानं धरून ठेवा, मोकळा गरगरू दिला तर बेअरिंगची वाट लागते. मग तीच चाचणी, त्याच वहीत, आधीच्या आकड्यांशेजारी. आकडे मला कळवा, उतरले तरी आणि नाही उतरले तरी.

प्रश्न : मी बाहेरून जोडायची एसएसडी घेतली. खोक्यावर सेकंदाला १००० मेगाबाइट लिहिलंय, मला मिळतात जेमतेम ४०. दोनदा फॉरमॅट केली, फाइल सिस्टिम बदलली, सगळे अपडेट टाकले. डिस्क सदोष आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ४० हा आकडाच सगळं सांगून जातो. यूएसबी २.० हे मानक २००० साली आलं आणि त्याची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट. आठानं भागलं की ६० मेगाबाइट, आणि वरखर्च वजा जाता हातात ३५ ते ४० पडतात. तुमची डिस्क यूएसबी २.०च्या गतीनं चालली आहे, म्हणजे वाटेत कुठेतरी जुनी नळी आहे. फोनच्या चार्जरबरोबर आलेली केबल लावलीत ना? माझी खात्री आहे, तीच असणार.

यूएसबी-सीचा आकार २०१४ साली ठरला. त्या छोट्याशा तोंडात २४ टाचण्या असतात, पण प्रत्येक केबलमध्ये त्या सगळ्यांसाठी तारा घातलेल्या नसतात. चार्जिंगच्या केबलीत जलद गतीच्या तारांच्या जोड्या मुळातच नसतात. बाहेरून मात्र दोन्ही केबली हुबेहूब सारख्या. याचा मला खरोखर राग येतो. आकार एक केला तर त्यावर गती ठसठशीत छापायला काय हरकत होती? काही केबलींवर ती असते, बहुतेकींवर नसते, आणि शहाणी माणसं फॉरमॅट करत बसतात.

डिस्कबरोबर आलेली आखूड केबल शोधा, ती लावून तीच फाइल पुन्हा कॉपी करा. तरीही ४०च आले तर संगणकावरचं दुसरं तोंड वापरून बघा. आणि एकदा छडा लागला की घरातल्या प्रत्येक केबलीला कागदाची चिठ्ठी लावा : ‘फक्त चार्जिंग’, ‘जलद’, ‘स्क्रीन चालते’. माझ्या खणात अशा एकोणीस केबली आहेत. चिठ्ठ्या लावायला एक दुपार गेली, ती वसूल झाली.

गती सुरुवातीला उत्तम आणि काही गीगाबाइटनंतर एकदम खाली, असं कधी दिसलं तर तो केबलीचा दोष समजू नका. स्वस्त एसएसडीत थोडी जागा जलद लिहिण्यासाठी वापरली जाते. ती भरली की डिस्क तिच्या मूळ चालीवर येते.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपचं घड्याळ रोज मागे जातं आणि निम्म्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. व्हायरस असेल का?

उत्तर : नाही. मदरबोर्डवरची गोल बटन सेल संपली आहे. तिचं नाव सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वेबसाइटच्या प्रमाणपत्रांवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचा संगणक भूतकाळात असल्यामुळे त्याला ती प्रमाणपत्रं खोटी वाटतात. नवी सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या जरा वरच दाखवते, अडीचच्या आसपास उतरली की तिचं आयुष्य संपलं समजा. बदलण्यापूर्वी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. विशेषतः ‘साटा मोड’चा (डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणाऱ्या सेटिंगचा), कारण मूळ सेटिंग परत आल्यावर तो बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस उगाच डिस्कला दोष देतो. आत कितीतरी संगणकांत घड्याळाला ताल देणारं एक छोटं स्फटिक असतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारं. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. मला हा हिशेब फार आवडतो.

प्रश्न : जुन्या फोनचं मागचं झाकण वर आलंय, बॅटरी फुगली असावी. ड्रायरनं गोंद मऊ करून मीच बदलू का?

उत्तर : नाही. इतर सगळ्या उत्तरांत मी ‘करून बघा’ म्हणते, इथं म्हणणार नाही. लिथियम-आयन बॅटरीतलं द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. अशा पिशवीला उष्णता देणं, झाकण दाबून बसवणं किंवा खाली पट्टी घालून उचकटणं म्हणजे आगीला बोलावणं. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, ज्वलनशील वस्तूंपासून दूर फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर फुगलेल्या बॅटऱ्या हाताळणाऱ्या दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका. आतले फोटो हवे असतील तर हे त्या माणसाला आधी सांगा, नवी बॅटरी लावून ते काढता येतात.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी चार स्मार्ट प्लग घेतले. त्या कंपनीनं सेवा बंद केली. ॲप म्हणतं, सर्व्हर सापडत नाही. प्लगवरचं बटण दाबलं की मात्र चालू-बंद होतात. धडधाकट वस्तू फेकायची का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझा जीव जळला, कारण माझ्याकडचा एक कॅमेरा असाच मेला. काच चांगली, सेन्सर चांगला, फक्त दूरचं एक यंत्र कुणीतरी बंद केलं. विकत घेतलेली वस्तू आपली असते, असं मी धरून चालले होते.

बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो ना? म्हणजे रिले, आतला विजेवर चालणारा स्विच, जिवंत आहे. आता प्रश्न आत कुठली चिप आहे एवढाच. अशा बऱ्याच प्लगमध्ये ईएसपी८२६६ नावाची वाय-फाय चिप असते. तिच्यावरचं कंपनीचं फर्मवेअर (चिपच्या आत साठवलेला प्रोग्राम) पुसून ‘टास्मोटा’ किंवा ‘ईएसपीहोम’ हे मुक्त फर्मवेअर टाकता येतं. मग प्लग बाहेरच्या सर्व्हरला विचारत नाही, घरातल्या घरात चालतो. चारही प्लग एका जागेवरून चालवायचे तर ‘होम असिस्टंट’ आहे. २०१३ पासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालतो.

पण इथं जिवाचा प्रश्न आहे, म्हणून नीट वाचा. प्लग भिंतीत असताना आतल्या बोर्डाला संगणक जोडायचा नाही, एक सेकंदही नाही. अशा स्वस्त प्लगमधला ३.३ व्होल्टचा भाग मुख्य विजेपासून बऱ्याचदा वेगळा केलेला नसतो. दिसायला निरुपद्रवी वाटणाऱ्या टाचणीवर मुख्य वीज असू शकते. ती तुम्हाला मारू शकते. म्हणून प्लग भिंतीतून काढून, उघडून, फक्त यूएसबी-सिरियल जोडणीच्या (संगणकाच्या यूएसबीतून चिपशी बोलणाऱ्या छोट्या अडॅप्टरच्या) ३.३ व्होल्टवर चिपला जाग आणायची. ५ व्होल्ट दिलेत तर चिप जाईल. वीज देताना ‘जीपीआयओ०’ ही टाचणी ग्राउंडला टेकवून धरायची, म्हणजे चिप नवं फर्मवेअर घ्यायला तयार होते. आणि सर्वात आधी मूळ फर्मवेअरची प्रत वाचून ठेवा, चुकलं तर परतीची वाट असावी. सगळं जोडून, कवच पूर्ण बंद करून मगच भिंतीत लावा. मुख्य विजेवर काम करायचा सराव नसेल तर सराव असलेलं कुणीतरी शेजारी असू द्या.

पुढच्या वेळी असं काही घेताना विक्रेत्याला एकच विचारा : घरातलं इंटरनेट काढून टाकलं तरी हे चालेल का? उत्तर गुळमुळीत आलं की दुसरं बघा.

आत ईएसपी८२६६ नसून दुसरीच चिप निघण्याचीही शक्यता आहे, नव्या प्लगमध्ये ते सर्रास होतं. म्हणून चारपैकी एकच प्लग उघडा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. उजेड तिरका धरा, म्हणजे चिपवरची अक्षरं वाचता येतील.