पांघरुणाखालची जपमाळ

प्रश्न : युरोपातले काही राजपुरुष समलिंगी होते म्हणतात. मग त्यांना मुलंबाळं कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, लग्न हा तिथं राजकारणाचा भाग. मनाला कोण विचारतो! माझं आवडतं उदाहरण म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा धाकटा भाऊ फिलिप, ऑर्लेआँचा ड्यूक. याचा जीव जडला होता शेव्हालिए द लोरेन या देखण्या सरदारावर, आणि सगळ्या दरबाराला ते ठाऊक होतं. तरी लग्नं दोन झाली. पहिली बायको १६७० साली वारली. मुली होत्या, पण मुलगा जगला नव्हता. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या पॅलाटिनेटहून लिझेलोट आणली.

हिची पत्रं म्हणजे मेजवानी! नवरा रात्री बिछान्यात जपमाळ घेऊन यायचा, असं तिनं लिहून ठेवलंय. पांघरुणाखाली माळेतल्या पदकांची किणकिण. एकदा हिनं दिवा धरून त्याला पकडलंच. जपमाळ कॅथलिकांची आणि ही मूळची प्रॉटेस्टंट बाई, तिला हसू आवरेना. शेवटी तोही हसला.

माळेचा गुण म्हणा हवं तर, तीन मुलं झाली. थोरला लहानपणीच गेला. १६७६ मध्ये मुलगी झाल्यावर फिलिपनं वेगळं झोपायचं सुचवलं आणि लिझेलोटनं सुटकेचा श्वास टाकला. धाकटा मुलगा पुढे बाल पंधराव्या लुईच्या वतीनं फ्रान्सचा कारभार बघू लागला. मुलीची नात म्हणजे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत.

शेव्हालिए शेवटपर्यंत फिलिपच्या जवळच होता. लिझेलोटला तो कधीच आवडला नाही.